विक्रमाचा छेद : बिल्बाओच्या ॲथलेटिक क्लबची सव्वाशे वर्षं



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्य झालं, सहकार झाला, पाणीप्रश्न झाला. फुटबॉलवर, आणि तेही स्पेनमधल्या एका क्लबवर, इथे कुणी बोललं असेल असं वाटत नाही. संयोजकांना विषय सांगताना मी जरा चाचरलोच. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते सर दिवसभर गणित शिकवत आणि संध्याकाळी मैदानावर असत. आजचा विषय या दोन्ही गोष्टींच्या मधोमध बसतो, म्हणून धीर केला.

स्पेनमधला यशस्वी क्लब म्हटलं की दोन नावं ओठांवर येतात. २०२५ पर्यंतच्या हिशेबात रेयाल माद्रिदकडे ३६ लीग विजेतेपदं आणि १५ युरोपियन चषक आहेत. बार्सिलोनाकडे २८ लीग विजेतेपदं आणि मेस्सीची आठवण आहे. हे आकडे आठवीतला मुलगाही तुम्हाला सांगेल. मी बोलणार आहे तिसऱ्या क्लबबद्दल. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेशात, नेर्व्हिऑन नदीच्या काठी बिल्बाओ शहर आहे. तिथला ॲथलेटिक क्लब.

आधी नुसते आकडे ऐका. आठ वेळा लीगचं विजेतेपद. कोपा देल रे म्हणजे राजाचा चषक, तो चोवीस वेळा. २०२५ पर्यंतच्या हिशेबात चषकाच्या बाबतीत बार्सिलोना ३२ वर आहे आणि ॲथलेटिक दुसरा. रेयाल माद्रिद २० वर, म्हणजे मागे. स्पेनची लीग १९२९ साली सुरू झाली. तेव्हापासून एकदाही दुसऱ्या श्रेणीत न घसरलेले क्लब फक्त तीन : रेयाल माद्रिद, बार्सिलोना आणि ॲथलेटिक.

विक्रमांच्या वहीत एवढंच लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की विक्रम हा अपूर्णांक असतो. वरचा अंश सगळे वाचतात, खालचा छेद कुणी वाचत नाही. किती जिंकलं हा अंश. किती माणसांतून संघ निवडून जिंकलं, हा छेद. बड्या क्लबांच्या छेदात आज सारं जग आहे : ब्राझील, फ्रान्स, सेनेगल, कोरिया, कुठलाही खेळाडू पैसे मोजून आणता येतो. ॲथलेटिकच्या छेदात आहेत सात बास्क प्रांत, चार स्पेनमधले आणि तीन फ्रान्समधले, मिळून सुमारे तीस लाख वस्ती. तिथे जन्मलेला किंवा तिथल्या क्लबांत फुटबॉल शिकलेला खेळाडूच या संघात खेळू शकतो. शंभर वर्षांहून अधिक काळ हा नियम पाळला गेला आहे. आज त्या आठ लीग, चोवीस चषक आणि शून्य घसरण या आकड्यांखालचा छेद तपासू या. तो कायम एकसारखा नव्हता, आणि खरी गंमत तिथेच आहे.

खाण, बंदर आणि चेंडू

बिल्बाओच्या आसपासच्या डोंगरांत उत्तम लोहखनिज होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते जहाजं भरभरून इंग्लंडला जाई आणि तीच जहाजं कोळसा घेऊन परत येत. त्यांच्याबरोबर इंग्लिश खाणकामगार, जहाजबांधणीतले कारागीर आणि खलाशी आले आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत चेंडू लाथाडू लागले. उलट दिशेने बिल्बाओतल्या सधन घरांतली मुलं इंग्लंडला शिकायला गेली आणि हाच खेळ घेऊन परतली. क्लब आपला जन्म १८९८ चा मानतो. १९०१ मध्ये गार्सिया नावाच्या कॅफेत रीतसर बैठक झाली. नाव ठेवलं इंग्लिश वळणाचं : ॲथलेटिक क्लब. पुढे १९०३ साली माद्रिदमध्ये शिकणाऱ्या बास्क विद्यार्थ्यांनी तिथे याच क्लबची शाखा काढली. तीच आज आत्लेतिको माद्रिद म्हणून स्वतंत्रपणे नांदते आहे.

पहिल्याच चषकाबद्दल वाद आहे. १९०२ मध्ये तरुण राजा तेराव्या आल्फोन्सोच्या राज्यारोहणानिमित्त माद्रिदमध्ये स्पर्धा झाली. बिल्बाओच्या दोन क्लबांनी मिळून 'बिस्काया' नावाने संघ उतरवला आणि अंतिम सामन्यात बार्सिलोनाला २-१ हरवलं. तो चषक आजही ॲथलेटिकच्या संग्रहात आहे आणि क्लब तो आपल्या यादीत धरतो. फुटबॉल महासंघ धरत नाही. म्हणून बिल्बाओत विचाराल तर पंचवीस, माद्रिदमधल्या कागदावर चोवीस. १९०४ चा चषक तर अंतिम सामन्याला प्रतिस्पर्धीच न आल्याने मिळाला, आणि तो मात्र अधिकृत यादीत आहे. मैदानावर घाम गाळून जिंकलेला बाद आणि न खेळता मिळालेला जमा! अंशाच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो, एवढं यातून ध्यानात घ्यावं.

आता नियमाकडे. सुरुवातीच्या ॲथलेटिक संघात इंग्लिश खेळाडू होते. १९११ च्या चषक स्पर्धेत ते उतरवले म्हणून इतर संघांनी आक्षेप घेतले, मोठा गोंधळ झाला आणि पुढे परदेशी खेळाडूंवर बंधनं आली. ॲथलेटिकने त्यानंतर स्थानिक मुलांवरच संघ उभा केला. म्हणजे ज्याला आज 'तत्त्वज्ञान' म्हणतात, त्याचं मूळ एका स्पर्धेतल्या भांडणात आहे. ते कुणी ऋषिमुनींनी सांगितलं नव्हतं. दशकानुदशकं ते क्लबच्या घटनेत लिहिलेलंही नव्हतं. बंधन उठल्यावरही ते पाळत राहिले, तेव्हा कुठे ते तत्त्व झालं.

पिचिची आणि टोपीवाले साहेब

२१ ऑगस्ट १९१३ रोजी सान मामेस हे मैदान सुरू झालं. संत मामेसला रोमनांनी सिंहांपुढे टाकलं आणि सिंहांनी त्याला खाल्लं नाही, अशी आख्यायिका. त्याच्या नावाच्या देवस्थानाजवळ मैदान, म्हणून खेळाडू झाले 'सिंह' आणि मैदान झालं 'कॅथेड्रल'. इथला पहिला गोल राफाएल मोरेनो या किरकोळ अंगाच्या, डोक्याला पांढरा रुमाल बांधून खेळणाऱ्या आघाडीपटूने केला. त्याचं टोपणनाव पिचिची. त्याने चार चषक जिंकले आणि १९२२ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी तो गेला. १९२६ मध्ये मैदानात त्याचा अर्धपुतळा बसवला. सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या संघाचा कर्णधार तिथे फुलं वाहतो, हा रिवाज आजही पाळला जातो. स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला मिळणारा पुरस्कारही पिचिचीच्याच नावाचा. मेस्सीने तो आठ वेळा घेतला.

मग आला फ्रेड पेंटलंड. इंग्लिश प्रशिक्षक, डोक्यावर कायम गोल टोपी. मोठा सामना जिंकला की खेळाडू ती टोपी हिसकावून पायाखाली तुडवत आणि साहेब नवी टोपी विकत घेत. बास्क संघ तोवर उंच चेंडू मारून धावत सुटायचा. पेंटलंडने त्याला छोट्या पासांचा खेळ शिकवला. खेळाडू बाहेरचा नको हा नियम प्रशिक्षकाला कधीच लागू नव्हता, हे इथे लक्षात घ्या. पेंटलंड इंग्लिश, १९५६ चा विजेता प्रशिक्षक दाउचिक स्लोव्हाक वंशाचा, अलीकडचे हाइन्केस जर्मन आणि बिएल्सा अर्जेंटिनाचे. पाय घरचे आणि विद्या जगभरची, असा हा व्यवहार आहे.

पेंटलंडच्या हाताखाली १९२९-३० ची लीग ॲथलेटिकने एकही सामना न हरता जिंकली. अठरांपैकी बारा विजय, सहा बरोबरी. स्पेनमध्ये असं पुन्हा एकदाच घडलं, १९३१-३२ मध्ये माद्रिदकडून. ८ फेब्रुवारी १९३१ रोजी बार्सिलोनाचा १२-१ असा धुव्वा उडवला. बाता नावाच्या आघाडीपटूने एकट्याने सात गोल केले. स्पॅनिश लीगच्या इतिहासातला हा आजही सर्वांत मोठा विजय. १९३० ते १९३३ सलग चार चषक. यादवी युद्धापूर्वी लीगचे आठ हंगाम झाले, त्यांपैकी चार ॲथलेटिकचे.

इथे छेद तपासायचा. त्या काळी बहुतेक संघ बऱ्याच अंशी स्थानिकच असत. पहिल्या लीगमध्ये दहा संघ होते, त्यांत चार बास्क : ॲथलेटिक, रेयाल सोसिएदाद, इरूनचा रेयाल युनियन आणि गेचोचा आरेनास. फुटबॉलची सगळ्यात दाट लागवड याच पट्ट्यात झाली होती. म्हणजे नियमाने ॲथलेटिकचं फारसं नुकसान होत नव्हतं. हे विजय थोर आहेत, पण त्यांच्याखालचा छेद इतरांच्या छेदाहून फार लहान नव्हता.

युद्ध, नाव आणि सार्रा

जुलै १९३६ मध्ये यादवी पेटली. बास्क स्वायत्त सरकारचे पहिले प्रमुख होसे आंतोनिओ आगिरे हे स्वतः पूर्वी ॲथलेटिकमधून खेळलेले. सरकारने १९३७ मध्ये उत्तमोत्तम खेळाडूंचा 'एउस्कादी' संघ युरोपच्या दौऱ्यावर पाठवला : निर्वासितांसाठी पैसे उभे करायचे आणि जगाला आपली बाजू सांगायची. १९ जून १९३७ रोजी बिल्बाओ फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडलं, तेव्हा संघ परदेशातच होता. बहुतेक खेळाडू परतलेच नाहीत. तो संघ पुढे मेक्सिकोच्या लीगमध्ये १९३८-३९ चा हंगाम खेळला आणि दुसरा आला. देश हरवलेला संघ परक्या देशाच्या लीगमध्ये उपविजेता, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मागे राहिलेल्या क्लबकडे खेळाडू उरले नव्हते. परकीय शब्दांवर बंदी आली आणि १९४१ मध्ये क्लबचं नाव सक्तीने 'आत्लेतिको दे बिल्बाओ' झालं. जुनं नाव परत मिळायला तीसेक वर्षं गेली. चषकही राजाचा न राहता 'जनरलिसिमोचा', म्हणजे फ्रँकोचा, झाला. या पडझडीतून कोवळ्या पोरांची फळी उभी राहिली आणि १९४३ मध्ये तिने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. इरिओन्दो, व्हेनान्सिओ, सार्रा, पानिसो, गाइन्सा ही त्या काळातली पाच आघाडीपटूंची नावं बिल्बाओतले म्हातारे अजून एका दमात म्हणतात.

त्यातला मधला तेल्मो सार्रा. सहा वेळा पिचिची पुरस्कार. १९५०-५१ च्या तीस सामन्यांच्या हंगामात ३८ गोल. ती बरोबरी करायला १९९० पर्यंत ऊगो सांचेसची वाट पाहावी लागली आणि मोडायला २०११ पर्यंत क्रिस्तियानो रोनाल्डोची. लीगमधले त्याचे एकूण गोल २५१. हा आकडा मेस्सीने नोव्हेंबर २०१४ मध्ये ओलांडला, म्हणजे सार्राने बूट उतरवल्यावर तब्बल साठेक वर्षांनी. चषकातले त्याचे ८१ गोल मात्र अजून कुणी गाठलेले नाहीत.

१९५८ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात समोर रेयाल माद्रिद होता. दि स्तेफानोचा रेयाल, त्याच वर्षी सलग तिसरा युरोपियन चषक जिंकलेला, आणि सामना त्यांच्याच बेर्नाबेउ मैदानावर. ॲथलेटिकने तो २-० जिंकला. 'अकरा खेडूत' ही त्या संघाला पडलेली उपाधी क्लब आजही मिरवतो. हा विसावा अधिकृत चषक होता.

आता ही दोन ओळींची आकडेमोड करा. चोवीसपैकी वीस चषक १९५८ पर्यंत आले, उरलेले चार पुढच्या सहासष्ट वर्षांत. आठपैकी सहा लीग १९५६ पर्यंत, दोन त्यानंतर. १९५० च्या दशकात दि स्तेफानो आणि कुबाला यांच्यासारखे परदेशी खेळाडू आले आणि बड्या क्लबांचा छेद वाढायला लागला. ॲथलेटिकचा होता तेवढाच राहिला.

माझ्या सिद्धान्ताला इथे एक अडचण आहे, तीही सांगतो. १९६२ च्या विश्वचषकातल्या नामुष्कीनंतर स्पेनने परदेशी खेळाडूंना दारं बंद केली, ती १९७३ पर्यंत. म्हणजे अकरा वर्षं सगळ्यांचा छेद पुन्हा आक्रसला. या काळात ॲथलेटिकने १९६९ आणि १९७३ चे दोन चषक घेतले, पण लीग एकही नाही. गोलपोस्टमध्ये इरिबारसारखा काळ्या पोशाखातला भक्कम गोलरक्षक असूनही नाही. स्पर्धा समपातळीवर आली म्हणून यश आपोआप येत नसतं. त्यासाठी एक पिढी जुळून यावी लागते.

इरिबारचं नाव निघालंच आहे, तर त्याच्या विक्रमासोबत दुसरी एक नोंद करतो. क्लबकडून त्याने ६१४ सामने खेळले, हा आजही उच्चांक आहे. पण ५ डिसेंबर १९७६ रोजी सान सेबास्तियानमध्ये रेयाल सोसिएदादविरुद्धच्या सामन्याआधी तो आणि प्रतिस्पर्धी कर्णधार कोर्ताबारिया दोघे मिळून बास्क ध्वज घेऊन मैदानात आले. फ्रँको जाऊन वर्ष झालं होतं, तरी तो ध्वज अजून बेकायदा होता. काही आठवड्यांत, जानेवारी १९७७ मध्ये, बंदी उठली. बिल्बाओत इरिबारचं नाव घेताना लोक सामन्यांची संख्या नंतर सांगतात.

गाबारा

एक पिढी जुळून यावी लागते म्हटलं, ती पिढी १९८० च्या सुमाराला आली. दोन बास्क संघांनी मिळून सलग चार वर्षं लीग आपल्याकडे ठेवली : १९८१ आणि १९८२ रेयाल सोसिएदाद, १९८३ आणि १९८४ ॲथलेटिक. प्रशिक्षक हाव्हिएर क्लेमेंते अवघा तेहेतीस वर्षांचा. १९८३ मध्ये शेवटच्या दिवशी ॲथलेटिकने लास पाल्मासमध्ये पाच गोल ठोकले आणि तिकडे व्हॅलेन्सियात रेयाल माद्रिद हरला. पुढच्या वर्षी रेयालशी गुण समान, तरी मुकुट ॲथलेटिककडे. ५ मे १९८४ रोजी चषकाच्या अंतिम सामन्यात एन्दिकाच्या एकमेव गोलने बार्सिलोनाला हरवलं. सामना संपल्यावर राजासमोर जी हाणामारी झाली, तिच्यात मॅरादोनाही होता. बार्सिलोनाकडून तो त्याचा शेवटचा सामना.

याच काळात बिल्बाओचे कारखाने कोसळत होते. पोलादाला गिऱ्हाईक नव्हतं, एउस्काल्दुना गोदीचे कामगार ती बंद करण्याविरुद्ध रस्त्यावर पोलिसांशी झुंजत होते, ऑगस्ट १९८३ च्या महापुराने जुनं शहर बुडवलं होतं. अशा शहरात विजयी संघ बंदरातल्या मालवाहू पडावावर, म्हणजे गाबारावर, बसून नेर्व्हिऑनमधून आला आणि दोन्ही काठ माणसांनी फुलले. १९८३ आणि १९८४, अशी दोन वर्षं गाबारा निघाली. मग ती नांगरली गेली. किती काळ, ते पुढे येईलच.

डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियन खेळाडू बोस्मानच्या खटल्यात निकाल दिला. युरोपीय संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालता येणार नाही, असा त्याचा अर्थ. ॲथलेटिकच्या भोवतीचं जग त्या दिवशी बदललं. रेयाल सोसिएदादने तर आधीच, १९८९ मध्ये, जॉन ऑल्ड्रिजला आणून स्थानिक खेळाडूंची अट सोडली होती. आता ॲथलेटिक खरोखर एकटा उरला. तेव्हापासून त्याला लीग जिंकता आलेली नाही. २००६-०७ मध्ये तर तो सतराव्या स्थानावर, दुसऱ्या श्रेणीच्या उंबरठ्यावर होता. शेवटच्या दिवशी लेव्हान्तेला २-० हरवलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

आणि म्हणूनच मला त्यांचा सर्वांत मोठा विक्रम तो शून्य वाटतो. रेयाल आणि बार्सिलोनाही कधी घसरले नाहीत, पण त्यांच्या शून्याखाली सारं जग आहे. ॲथलेटिकच्या शून्याखाली तीस लाख माणसं. एकच आकडा, पण छेद घातला की तुलनाच उरत नाही.

आपलं कोण

हे चालतं कसं? बिल्बाओजवळ लेसामा इथे १९७१ पासून क्लबची प्रबोधिनी आहे. आसपासच्या गावोगावच्या छोट्या क्लबांशी करार आहेत. दहा वर्षांचं पोरगं चांगलं खेळतंय ही बातमी लेसामाला लवकर पोहोचते. दुसरं, हा क्लब सभासदांच्या मालकीचा आहे. १९९० च्या क्रीडा कायद्याने बहुतेक क्लबांना कंपनी व्हायला लावलं. सुटले फक्त चार : रेयाल माद्रिद, बार्सिलोना, ओसासुना आणि ॲथलेटिक. अध्यक्ष सभासदांच्या मतांवर निवडून येतो.

तिसरी गोष्ट पैशाची. क्लब आपणहून खेळाडू विकत नाही. करारातली पूर्ण रक्कम ठेवा आणि घेऊन जा, अशी रोखठोक भाषा. म्हणून हावी मार्तिनेससाठी बायर्नने २०१२ मध्ये चार कोटी युरो मोजले, लापोर्तसाठी मँचेस्टर सिटीने साडेसहा कोटी आणि २०१८ मध्ये केपासाठी चेल्सीने आठ कोटी, गोलरक्षकासाठीचा तो जागतिक उच्चांक. गेलेल्याची जागा भरायला बाजारात माणूस नाही, त्यामुळे असलेल्याला टिकवायला पगारही भरपूर द्यावा लागतो. शेजारी कुरकुरतात ते यासाठी : सोसिएदादचा बचावपटू इन्यिगो मार्तिनेस ३ कोटी २० लाखांना उचलला, ओसासुनाची घडवलेली मुलं नेली. स्वतःवर बंधन घालणारा क्लब शेजाऱ्याच्या शेतात मात्र उतरतो, हा आरोप खोटा नाही.

त्याहून टोकदार आरोप असा, की 'आपलीच माणसं' हा नियम वंशाचा नाही कशावरून? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचं उत्तर काळाबरोबर बदललं आहे. आधी फक्त बिस्काया प्रांत, मग इतर प्रांत, मग फ्रेंच बाजू. १९९६ मध्ये लिसारासू हा फ्रेंच बास्क आला. पुढे बालपणापासून बास्क प्रदेशात वाढलेला रोमेनियन गानेआही खेळला. नियमाच्या कक्षेत नव्हारा प्रांत येतो. १५०६ मध्ये तिथल्या हाव्हिएर गढीत जन्मलेल्या आणि आज जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरलाही हा क्लब खेळवू शकला असता!

पण खरी कसोटी लावली विल्यम्स बंधूंनी. त्यांचे आईवडील घानाचे. सहाराचं वाळवंट पायी तुडवून, आफ्रिकेतल्या मेलिया या स्पॅनिश शहराचं कुंपण ओलांडून ते स्पेनमध्ये आले. बिल्बाओतल्या एका धर्मगुरूने मदत केली, म्हणून थोरल्याचं नाव त्याच्यावरून इन्याकी. १९९४ मध्ये बिल्बाओत जन्मलेला इन्याकी हा ॲथलेटिककडून गोल करणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला, २०१५ मध्ये. एप्रिल २०१६ ते जानेवारी २०२३ या काळात त्याने लीगचा एकही सामना चुकवला नाही. सलग सामन्यांचा आधीचा उच्चांक २०२ होता, याचा झाला २५१. सार्राचे गोल २५१ आणि याचे सलग सामने २५१. धाकटा निको पाम्प्लोनात जन्मला. थोरला घानाकडून खेळतो, धाकटा स्पेनकडून, आणि दोघे बिल्बाओकडून. २०२५ च्या उन्हाळ्यात बार्सिलोना निकोच्या मागे लागली असताना त्याने २०३५ पर्यंतचा करार केला. तीस लाखांच्या छेदात आता स्थलांतरितांची मुलंही आहेत. नियम तोच आहे, फक्त माणसं पूर्वीपेक्षा मोकळेपणाने मोजली जातात.

हाच नियम महिला संघालाही आहे. त्यांनी पाच लीग जिंकल्या, शेवटची २०१६ मध्ये. जानेवारी २०१९ मध्ये चषकाच्या सामन्यात त्यांना पाहायला सान मामेसवर ४८,१२१ लोक आले होते.

चाळीस वर्षं

१९८४ नंतर ॲथलेटिक चषकाच्या सहा अंतिम सामन्यांत हरला. त्यांतले चार बार्सिलोनाविरुद्ध. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर करोनामुळे लांबलेला आदल्या वर्षीचा आणि त्या वर्षीचा, असे दोन अंतिम सामने पंधरा दिवसांत खेळून दोन्ही हरले, पहिला शेजारच्या सोसिएदादविरुद्ध. २०१२ मध्ये बिएल्साच्या संघाने मँचेस्टर युनायटेडला दोन्ही मैदानांवर हरवलं आणि युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात आत्लेतिको माद्रिदकडून, म्हणजे स्वतःच्याच जुन्या शाखेकडून, मार खाल्ला.

६ एप्रिल २०२४, सेव्हिया. समोर मायोर्का. दानी रोद्रिगेसने मायोर्काला पुढे नेलं, सान्सेतने बरोबरी साधली. पेनल्टींवर ४-२. शेवटची बेरेंगेरची. प्रशिक्षक होते एर्नेस्तो व्हाल्व्हेर्दे, स्वतः या क्लबचे जुने आघाडीपटू. पाच दिवसांनी गाबारा चाळीस वर्षांनंतर नदीत उतरली आणि तिला पाहायला सुमारे दहा लाख लोक जमल्याचा अंदाज दिला गेला. बिल्बाओ शहराची वस्ती साडेतीन लाखांच्या आसपास. छेदातली माणसंच काठावर येऊन उभी होती म्हणा ना.

मग प्रश्न राहतो : एखाद्या वर्षी हा संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तर? फुटबॉलचं अर्थकारण पाहता ते अशक्य मुळीच नाही. त्या दिवशी तो शून्य पुसला जाईल आणि वहीतलं पान बदलेल. १९९० च्या दशकात 'एल मुंदो' दैनिकाने क्लबच्या चाहत्यांना नेमका हाच पर्याय दिला होता : नियम सोडायचा की खालच्या श्रेणीत जायचं? ७६ टक्के लोकांनी उत्तर दिलं, खाली जाऊ.

मला वाटतं, ॲथलेटिकच्या सगळ्या विक्रमांची किल्ली या उत्तरात आहे. बहुतेक क्लब अंश वाढवण्यासाठी छेद हवा तसा बदलतात आणि त्यांना कुणी दोष देत नाही, कारण खेळाचे नियम तशी मुभा देतात. इथल्या माणसांनी छेद आधी पक्का केला आणि अंशाचं जे होईल ते सोसायचं ठरवलं. म्हणून चाळीस वर्षं चषक आला नाही तरी मैदान भरलेलं राहिलं. यापुढे कुठलाही उच्चांक वाचाल, खेळातला, निकालांतला, उत्पादनातला, तेव्हा खाली काय लिहिलं आहे ते आधी विचारा. तिथे जागा कोरी असेल, तर वरचा आकडा कितीही मोठा असला तरी गणित अपुरं आहे.